हात बरा झाला, कामाचे काय?

हाताचे टाके निघाले, प्लास्टर काढले, जखम भरून आली, की घरचे, शेजारचे आणि कारखान्यातले लोक एकच प्रश्न विचारू लागतात : 'मग कामावर कधीपासून?' डॉक्टरांनी 'फिट' असा दाखला दिला की जायचे, नाही दिला तर घरी बसायचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात जखम भरणे ही एक गोष्ट आणि काम करता येणे ही दुसरी. या दोहोंमध्ये काही महिन्यांचे, कधीकधी वर्ष-दीड वर्षाचे अंतर असते. या काळात शरीरात काय घडत असते? आणि या अंतराचा शेवटचा टप्पा दवाखान्यात पार न पडता कामाच्या जागीच का पार पडतो? या लेखात हे समजून घ्यायचा प्रयत्न करू या.

उदाहरणासाठी हात घेऊ. कारखान्यातला पॉवर प्रेस, गोठ्यातले कडबाकुट्टी यंत्र, मळणी यंत्र, उसाचा चरक अशा कितीतरी ठिकाणी हात यंत्राच्या अगदी जवळ जातो आणि जायबंदी होतो. समजा, पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या, पस्तिशीतल्या एका माणसाच्या उजव्या मनगटावर पत्र्याची धार लागली. बोटे वाकवणाऱ्या काही कंडरा तुटल्या आणि मनगटाच्या मधोमध जाणारा मुख्य मज्जातंतूही तुटला. डॉक्टर त्याला 'मीडियन' मज्जातंतू म्हणतात. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली, सगळे नीट जोडले गेले. दोन आठवड्यांत टाके निघाले. बाहेरून पाहणाऱ्याला आता मनगटावर फक्त एक व्रण दिसतो. पण आत दोन वेगवेगळी घड्याळे चालू आहेत.

पहिले घड्याळ : कंडरा

बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. तिथून दोरीसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. डाव्या हाताने उजव्या हाताचे मनगट हलकेच धरा आणि उजव्या हाताची बोटे उघडमीट करा. कातडीखाली या दोऱ्या सरकताना जाणवतील.

तुटलेली कंडरा शिवली की तिच्या टोकांमध्ये नवे धागे तयार होऊ लागतात. पण पहिल्या एक-दोन आठवड्यांत शिवलेली जागा बळकट होण्याऐवजी उलट मऊ पडते. तेव्हा जोर लावला तर ती पुन्हा तुटू शकते. साधारण सहा आठवड्यांनी हलकी कामे आणि बारा आठवड्यांनी जोराची कामे करायला परवानगी मिळते.

मग बारा आठवडे हात बांधूनच का ठेवू नये? कारण शरीर जखम भरताना कंडरेची दोन टोके एकमेकांना जोडते, तसेच कंडरेला आजूबाजूच्या भागालाही चिकटवते. चिकटलेली दोरी सरकत नाही. हालचाल केली तर तुटण्याची भीती आणि नाही केली तर चिकटण्याची भीती, असा हा पेच. बोटाच्या मुळाजवळ, जिथे कंडरा अरुंद नळीतून जातात, तिथे तर हा पेच इतका अवघड होता की शल्यविशारद त्या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हणत आणि तिथे ताबडतोब कंडरा शिवायला धजत नसत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग दाखवला. बोट रबराच्या दोरीने वाकलेले ठेवायचे. रुग्णाने ते स्वतः फक्त सरळ करायचे आणि परत वाकवण्याचे काम रबरावर सोडायचे. त्यामुळे शिवलेल्या कंडरेवर ताण न येता ती सरकत राहते. पुढे या पद्धतीत बरेच बदल झाले, पण पहिल्या काही दिवसांतच बेताची, शिकवलेली हालचाल सुरू करायची हे तत्त्व टिकले.

इथे एक प्रयोग वर्गात करून पाहा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि आता मूठ घट्ट आवळून दाखवा. मूठ घट्ट होतच नाही. मनगट थोडे मागे झुकवा, लगेच जोर येतो. मनगट वाकले की बोटे वाकवणाऱ्या कंडरा सैल पडतात, स्नायूंना ओढायला जागाच उरत नाही आणि हाताच्या मागच्या बाजूच्या कंडराही ताणल्या जाऊन बोटांना अडवतात. म्हणजे बोटे शाबूत असूनही केवळ मनगट आखडले तर हातोडी पकडता येत नाही. विश्रांतीने आखडलेला सांधा किती महागात पडतो, हे यावरून लक्षात येईल.

दुसरे घड्याळ : मज्जातंतू

मज्जातंतूंचे घड्याळ याहून कितीतरी सावकाश चालते. मज्जातंतू म्हणजे हजारो बारीक धाग्यांची केबल. प्रत्येक धागा हा एका पेशीचाच लांबलचक भाग असतो आणि ती पेशी पाठीच्या कण्याजवळ असते. त्यामुळे धागा मनगटाजवळ तुटला की पुढचा, बोटांकडचा तुकडा पेशीपासून तोडला जातो आणि काही दिवसांत मरतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेतल्या मज्जातंतूंवर हे दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेने धागे जोडले जात नाहीत. जोडली जाते ती त्यांच्याभोवतीची नळी. त्या रिकाम्या नळीतून वरच्या टोकाला नवा धागा वाढवत न्यावा लागतो. वाढीचा वेग आहे दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

आता मुलांना गणित घाला. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा. मोठ्या माणसात ते १८ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे १८० मिलिमीटर, म्हणजेच १८० दिवस. सुरुवातीचे काही आठवडे वाढ सुरू व्हायलाच जातात, ते वेगळे. तोच मज्जातंतू काखेजवळ तुटला तर? अंतर साठ-सत्तर सेंटिमीटर. दोन वर्षांचा प्रवास. आणि स्नायू एवढी वाट पाहत नाहीत. मज्जातंतूपासून तुटलेला स्नायू वाळत जातो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानंतर धागा येऊन पोचला तरी त्याला दाद देत नाही. त्यामुळे काखेजवळच्या इजेनंतर हाताच्या पंज्यातले बारीक स्नायू बहुधा परत येत नाहीत. पुनर्वसनाची योजना आखताना हे गणित पहिल्याच दिवशी मांडावे लागते.

धागा कुठवर आला हे कसे कळणार? मज्जातंतूच्या मार्गावर बोटाने हलके ठोकत जायचे. वाढते टोक जिथे असेल तिथे ठोकले की बोटांत मुंग्या आल्यासारखे वाटते. १९१५ साली पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने ज्यूल तिनेल आणि जर्मनीच्या बाजूने पॉल हॉफमन यांनी जखमी सैनिकांमध्ये हीच खूण स्वतंत्रपणे नोंदवली. आपल्या उदाहरणातला कामगार दर महिन्याला ही जागा मोजून घेऊ शकतो. ती सुमारे तीन सेंटिमीटर पुढे सरकलेली दिसली तर हात बधिर असूनही आत काम चालू आहे हे त्याला कळते. महिनोन् महिने घरी बसलेल्या माणसाला हा दिलासा लहान नसतो.

मेंदूची उजळणी

धागे बोटांपर्यंत पोचले तरी गोष्ट संपत नाही. हजारो धाग्यांपैकी कितीतरी चुकीच्या नळ्यांत शिरतात. तर्जनीचा धागा मधल्या बोटात जाऊन बसतो. मेंदूला हे ठाऊक नसते. त्यामुळे डोळे मिटून मधल्या बोटाला स्पर्श केला तर माणूस 'तर्जनीला लागले' असे सांगतो. दरम्यान मेंदूत आणखी एक गोष्ट घडलेली असते. १९८० च्या दशकात मायकेल मर्झेनिक, जॉन कास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवले की हाताच्या एका भागाकडून संदेश येणे थांबले, की मेंदूतला त्याचा भाग शेजारच्या बोटांचे संदेश व्यापू लागतात. म्हणजे धागा परत आला तरी त्याची जागा दुसऱ्यांनी घेतलेली असते.

यावर औषध नाही, सराव आहे. आधी डोळे उघडे ठेवून वस्तूला स्पर्श करायचा, मग डोळे मिटून तोच स्पर्श ओळखायचा, पुन्हा डोळे उघडून ताडून पाहायचे. पहिल्यांदा लाकूड, कापड, पॉलिश पेपर. मग पिशवीतली नाणी, किल्ली, नट, बोल्ट. दिवसातून अनेक वेळा, थोडा थोडा वेळ, महिनोन् महिने. एका अर्थी ही पाटी-पेन्सिलची उजळणीच आहे.

सामान्य हाताची क्षमता मुलांना सहज मोजता येईल. कंपासातल्या दुभाजकाची दोन टोके एकमेकांजवळ आणून, डोळे मिटलेल्या मित्राच्या बोटाच्या टोकाला एकाच वेळी हलकेच लावा आणि 'एक की दोन?' असे विचारा. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर अंतरही दोन म्हणून कळते. दंडावर किंवा पाठीवर काही सेंटिमीटरपर्यंत ते एकच वाटते. मज्जातंतू जोडलेल्या प्रौढाच्या बोटाला पूर्वीची ही बारीक जाण क्वचितच पूर्णपणे परत मिळते. लहान मुलांमध्ये मात्र निकाल पुष्कळ चांगला असतो. त्यांची अंतरे लहान असतात आणि मेंदूही लवकर जुळवून घेतो.

टक्क्यांचा हिशेब आणि कामाचा हिशेब

आठ महिने झाले. आपल्या कामगाराची बोटे वळतात, पकड दुसऱ्या हाताच्या निम्म्याहून थोडी जास्त आहे, अंगठा-तर्जनीत जाड स्पर्श कळतो. तो कामावर जाऊ शकेल का?

हे ठरवण्याची एक रीत म्हणजे टक्के. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ सालचा कायदा झाला, त्याला जोडलेल्या तक्त्यात अवयवागणिक कमाईच्या क्षमतेची हानी दिलेली होती : पूर्ण अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी किंवा तिच्या शेजारचे बोट ७. अंगठ्याला एवढे महत्त्व का, हे पाहायचे तर अंगठा तळहाताला चिकटवून पट्टीने बांधा आणि शर्टाचे बटण लावून पाहा. भरपाई झटपट ठरवण्यासाठी असा तक्ता उपयोगी पडतो. पण त्यात माणूस कोणते काम करतो याचा विचार नाही.

हा विचार सर्वोच्च न्यायालयासमोर १९७५ साली आला. एका सुताराचा डावा हात अपघातामुळे कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, ही अंशतः हानी आहे. न्यायालयाने म्हटले, सुतारकाम एका हाताने होऊ शकत नाही. तेव्हा या माणसापुरती हानी पूर्ण आहे. हीच इजा एखाद्या हिशेबनिसाला झाली असती तर उत्तर निराळे असते. इजा तीच, पण काम वेगळे असल्याने निकाल वेगळा.

म्हणून व्यवसायोपचार तज्ज्ञ हाताबरोबर कामाचीही तपासणी करतात. कामाचे तुकडे पाडले जातात. वजन किती उचलायचे? किती वेळा? जमिनीवरून की टेबलावरून? पकड मुठीची की चिमटीची? यंत्र पायाने चालते की हाताने? थरथर किती? गार पाण्यात, बर्फात हात घालायचा का? हा शेवटचा प्रश्न फालतू नाही. मज्जातंतूच्या इजेनंतर थंडीत हात असह्य दुखणे ही फार जणांची, वर्षानुवर्षे टिकणारी तक्रार असते. मासळीच्या बर्फात काम करणाऱ्याला किंवा हिवाळ्यात रात्री पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला ती नडते. शिंप्याला कदाचित नडणार नाही.

मग त्याच तुकड्यांचा सराव दवाखान्यात सुरू होतो. आधी मातीचा गोळा दाबणे, मग पान्याने नट फिरवणे, मग खरोखरची पेटी उचलणे. पकडमापकावर एकदा चांगला आकडा येणे आणि तेवढाच जोर पाळीभर लावत राहणे यात फरक आहे. दम हळूहळूच वाढतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण आठ तास न देता आधी अर्धा दिवस, हलके काम, मग तास आणि भार वाढवत नेणे हा मार्ग सुरक्षित ठरतो. दवाखान्यातला सराव कितीही चांगला असला तरी तिथे यंत्राचा आवाज नसतो, मागे उभा असलेला मुकादम नसतो, नगांची संख्या पुरी करण्याची घाई नसते. ज्या यंत्राने हात नेला त्याच्यासमोर उभे राहिल्यावर छाती धडधडणे, झोपेत तोच प्रसंग दिसणे हेही घडते. हा भित्रेपणा नव्हे. तीही इजाच आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. मात्र यंत्राला संरक्षक जाळी बसवली नसेल, दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी सोय नसेल, तर ती भीती योग्यच म्हणायला हवी.

काम हा उपचाराचाच भाग आहे, ही समज युद्धांमुळे पक्की झाली. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना नवा धंदा शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीला गेले. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग उघडला, तिथेही खेळांबरोबर कार्यशाळेतले काम हा दिनक्रमाचा भाग होता. मुंबईत हाजी अली इथली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून चालू आहे.

बधिर हाताची जपणूक

ज्या हाताला वेदना कळत नाही त्या हाताने काम करणे ही एक वेगळीच विद्या आहे. तिचे बरेचसे धडे वेल्लोरला लिहिले गेले. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती सरळ केली. पण धंदा शिकू लागलेल्या रुग्णांच्या बोटांना पुन्हा जखमा होऊ लागल्या. शोध घेता असे दिसले, की रोग बोटे 'खात' नाही. वेदना कळत नसल्यामुळे माणूस गरम भांडे धरून ठेवतो, हातोडीच्या दांड्याची सल त्याला टोचत नाही, गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने तो हत्यार आवळतो.

मज्जातंतू तुटलेल्या कामगारालाही हेच लागू पडते. म्हणून दांडे जाड आणि मऊ आवरणाचे करायचे, मूठ घट्ट झाली की नाही हे डोळ्यांनी पाहायचे, हत्यारे आलटून-पालटून वापरायची आणि रोज संध्याकाळी हात उजेडात धरून लाल ठिपका, फोड, ओरखडा शोधायचा. जी सूचना वेदना देते, ती इथे नजरेने द्यायची असते. दांडा बदलायला खर्च फारसा येत नाही, पण तो बदलायला हवा हे कुणाच्या तरी लक्षात यावे लागते.

नोकरी टिकवण्याचा हक्क

माणसाने बदलायचे आणि कामानेही थोडे बदलायचे, हे तत्त्व आपल्या कायद्यातही आले आहे. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २० मध्ये असे म्हटले आहे, की सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढून टाकता येणार नाही, त्याचा दर्जाही कमी करता येणार नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचे. कर्तव्यावर असताना झालेल्या इजेमुळे पाय गमावलेल्या एका शिपायाला दलाने घरी पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली याच तरतुदीच्या आधारे त्याच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याच्या व्याख्येत स्थानिक स्वराज्य संस्था आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळाही. शिक्षकांना हे ठाऊक असावे. खासगी कारखान्यातल्या कामगाराला मात्र हे कलम तसेच्या तसे लागू होत नाही. आपल्या उदाहरणातला माणूस नेमका तिथेच आहे. त्याला हलके काम मिळेल की घरी बसावे लागेल, हे बऱ्याच अंशी मालक, डॉक्टर आणि संघटना एकमेकांशी बोलतात की नाही यावर अवलंबून राहते.

शाळेत हा विषय दोन वाटांनी येतो. एखादा शिक्षक अपघातानंतर परततो. त्याला फळ्यावर लिहिता येते का, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. किती वेळ उभे राहता येते, वर्ग कोणत्या मजल्यावर आहे, पहिल्या महिन्यात तासिका कमी करता येतील का, हे प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारायला हवेत. दुसरी वाट मुलांची. हात मोडलेला मुलगा शाळेत परततो तेव्हा लिहिणे हेच त्याचे काम असते. प्लास्टर निघाल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचे अक्षर बिघडेल, दहा ओळींनंतर हात दुखेल. तो आळस करत नाही; सांधे आखडलेले आहेत आणि स्नायू रोडावले आहेत. त्याला आज पाच ओळी, परवा आठ, पुढच्या आठवड्यात एक पान असे लिहू द्यावे, मधे मूठ उघडमीट करायला सांगावे, आणि तोवर तोंडी उत्तरे घ्यावीत. एवढे केले तरी कामावर क्रमाक्रमाने परतणे म्हणजे काय, हे त्याच्याबरोबर साऱ्या वर्गाला समजेल.